विद्यापीठांच्या संकेतस्थळांची दृष्टिहीनांसाठी सुगम्यता

विद्यापीठांच्या संकेतस्थळांची सुगम्यता म्हणजे प्रवेश, परीक्षा, निकाल, शिष्यवृत्ती, ग्रंथालय आणि अध्यापन यांसाठी विद्यापीठाने महाजालावर ठेवलेली पाने, अर्ज व दस्तऐवज दिव्यांग व्यक्तींना दुसऱ्याच्या मदतीशिवाय वापरता येतील अशा रीतीने तयार करणे होय. प्रस्तुत लेखात मुख्यतः दृष्टिहीन व्यक्तींच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे. दृष्टिहीन व्यक्ती संगणक आणि मोबाइल वापरताना स्क्रीन रीडर या आज्ञावलीचे साहाय्य घेतात. ही आज्ञावली पडद्यावरील मजकूर उच्चारून ऐकवते किंवा त्याला जोडलेल्या ब्रेल उपकरणावर उमटवते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची सुगम्यता हा कायदेशीर हक्क आहे. आंतरराष्ट्रीय स्तरावर डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे, तर भारतात त्यांच्याशी सुसंगत असलेले आयएस १७८०२ हे मानक वापरले जाते. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत या सर्वसाधारण निकषांखेरीज युनिकोडपूर्व फॉन्ट आणि स्कॅन करून चढवलेली परिपत्रके हे दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे ठरतात.

## पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिविषयक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५०.३ लाख होती. त्यांपैकी सुमारे ५.७४ लाख व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या. राज्यातील दृष्टिहीनांच्या औपचारिक शिक्षणाचा इतिहास शतकाहून जुना आहे. अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. ती पुढे दादर अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. राष्ट्रीय अंध संघाची स्थापना १९५२ मध्ये मुंबईतच झाली. मराठीसह भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान लिपी १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली.

शालेय स्तरावर ब्रेल पाठ्यपुस्तके मिळू लागली, तरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दीर्घकाळ वाचक, ध्वनिफिती आणि लेखनिक यांच्यावर अवलंबून राहावे लागत असे. संगणक आणि स्क्रीन रीडर यांच्या प्रसारामुळे ही स्थिती बदलू लागली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड हे केंद्र सुरू झाले. विद्यार्थ्यांना सुगम्य स्वरूपातील अभ्याससाहित्य व संगणक प्रशिक्षण देण्याबरोबरच या केंद्राने प्रताधिकार कायद्यातील बदलांसाठीही पाठपुरावा केला. प्रताधिकार अधिनियमात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दिव्यांगांसाठी पुस्तके सुगम्य स्वरूपात रूपांतरित करण्यास सूट मिळाली.

याच काळात विद्यापीठांचे प्रशासकीय व्यवहार महाजालावर गेले. प्रवेशपूर्व नोंदणी, परीक्षा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, पुनर्मूल्यांकन आणि पदवी प्रमाणपत्राची मागणी या बाबी पूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकीवर होत असत. तेथे दृष्टिहीन विद्यार्थ्याला निदान कर्मचाऱ्याशी बोलून काम करून घेता येत असे. ऑनलाइन व्यवस्थेत ही खिडकी बहुतांशी बंद झाली. कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये महाराष्ट्रातील विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन घेतल्या. त्यामुळे संकेतस्थळाचा वापर करता येणे हे परीक्षेला बसण्याचीच पूर्वअट ठरले.

### अंतर आणि संकेतस्थळ

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरलेले आहे. एवढ्या विस्तृत क्षेत्रातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने संकेतस्थळ हेच विद्यापीठाचे सर्वांत जवळचे कार्यालय असते. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरातले कामण हे याचे उदाहरण होय. हे गाव वसई रोड–दिवा रेल्वेमार्गावर असून तेथील स्थानकाचे नाव कामण रोड असे आहे. या मार्गावरील प्रवासी गाड्या पश्चिम रेल्वेच्या उपनगरी लोकलच्या मानाने मोजक्या आहेत. कामणहून विद्यापीठाच्या कलिना संकुलात जायचे, तर आधी वसई रोड गाठावे लागते. तेथून पश्चिम रेल्वेच्या लोकलने सांताक्रूझला आणि पुढे रस्त्याने संकुलात जावे लागते. फोर्ट येथील मुख्य इमारतीसाठी चर्चगेटपर्यंतचा प्रवास करावा लागतो.

डोळस विद्यार्थ्याचा हा प्रवास ऑनलाइन सेवांमुळे वाचतो. संकेतस्थळ स्क्रीन रीडरला वाचता येत नसेल, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला मात्र प्रवास करावा लागतो किंवा शेजारी, मित्र अथवा सायबर कॅफेचा चालक यांच्याकडे आपला पासवर्ड, आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सोपवावा लागतो. निकालही अनेकदा दुसऱ्याने आधी पाहिल्यानंतरच त्याला कळतो. म्हणून संकेतस्थळाच्या सुगम्यतेचा संबंध सोयीइतकाच खासगीपणाशी आणि स्वावलंबनाशीही आहे.

## स्क्रीन रीडरचे कार्य

स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही. तो पानामागील एचटीएमएल संहितेतून ब्राउझरने तयार केलेली रचना वाचतो. एखादा मजकूर शीर्षक आहे, दुवा आहे, बटण आहे की अर्जातील रकाना आहे, हे या रचनेत नोंदवलेले असते. ही नोंद असल्यास स्क्रीन रीडर मजकुराबरोबर त्याचा प्रकारही सांगतो. केवळ अक्षरे मोठी व ठळक करून तयार केलेले शीर्षक डोळ्यांना शीर्षक दिसले, तरी स्क्रीन रीडरच्या लेखी तो साधा परिच्छेद असतो.

डोळस वाचक पानावरून नजर फिरवून हवा तो भाग शोधतो. ऐकणाऱ्याला पान एका ओळीत, क्रमाने मिळते. ते आरंभापासून शेवटपर्यंत ऐकत बसणे व्यवहार्य नसल्याने अनुभवी वापरकर्ते कळफलकावरील आज्ञांनी एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर, दुव्यांच्या यादीवर किंवा थेट अर्जाच्या रकान्यावर उडी घेतात. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठाशी संबंधित वेबएम या संस्थेने केलेल्या सर्वेक्षणांत, मोठ्या पानावरील माहिती शोधताना सर्वप्रथम शीर्षकांचा आधार घेतो, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण दोन-तृतीयांशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळले आहे.

प्रचलित स्क्रीन रीडर पुढीलप्रमाणे आहेत:

* जॉज: विंडोजसाठीचा व्यावसायिक स्क्रीन रीडर. टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये त्याची डॉस प्रणालीसाठीची आवृत्ती आणली.
* एनव्हीडीए: विंडोजसाठीचा मोफत व मुक्तस्रोत स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये त्याचा आरंभ केला. जेम्स टेह हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. दोघेही दृष्टिहीन आहेत.
* व्हॉइसओव्हर: अ‍ॅपलच्या संगणकांत २००५ पासून आणि आयफोनमध्ये २००९ पासून अंगभूत.
* टॉकबॅक: अँड्रॉइड मोबाइलमधील स्क्रीन रीडर.

महागडा स्क्रीन रीडर विकत घेणे ज्यांना परवडत नाही, अशांच्या दृष्टीने एनव्हीडीए आणि टॉकबॅक यांचे महत्त्व मोठे आहे. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या उच्चारण प्रणालीत मराठीचा समावेश आहे.

## प्रमुख अडथळे

### सूचना आणि दुवे

विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर सूचनांची संख्या मोठी असते. सरकत्या पट्टीत धावणाऱ्या सूचना स्क्रीन रीडरला स्थिरपणे वाचता येत नाहीत. काही वेळा त्या पट्टीमुळे वाचनाचा क्रमही सतत विस्कटतो. ‘येथे क्लिक करा’ किंवा ‘डाउनलोड’ एवढेच शब्द असलेले दुवे यादीत एकसारखे ऐकू येतात. चाळीस सूचनांखाली चाळीस ‘डाउनलोड’ असतील, तर कोणता दुवा कोणत्या परीक्षेचा हे ओळखता येत नाही. ‘तृतीय वर्ष कला, पाचवे सत्र: वेळापत्रक’ असा पूर्ण अर्थाचा दुवा हा प्रश्न सोडवतो. प्रत्येक पानावर पुन्हा येणारी लांबलचक सूची ओलांडून मुख्य मजकुरावर नेणारा दुवा पानाच्या आरंभी देणे हाही मानकांतील मूलभूत निकष आहे.

### अर्ज

अर्जातील रकान्याशेजारी दिसणारे नाव आणि रकाना यांची जोडणी संहितेत केलेली नसेल, तर स्क्रीन रीडर केवळ रिकामा रकाना असल्याचे सांगतो. तो आसनक्रमांकाचा की जन्मतारखेचा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. केवळ माउसने निवडता येणारी दिनदर्शिका, कळफलकाने न उघडणाऱ्या निवडसूची आणि फक्त लाल चौकटीने दर्शवलेली चूक हे आणखी काही नेहमीचे दोष आहेत. चूक झाल्यास ती कोणत्या रकान्यात आहे आणि कशी सुधारावी, हे शब्दांत सांगणे आवश्यक असते. छायाचित्र व स्वाक्षरी यांच्या आकारमानाची मर्यादा फाइल नाकारल्यानंतर सांगण्याऐवजी रकान्याच्या आधीच सांगितली, तर अर्जदाराचे काम एका फेरीत होते.

### कॅप्चा आणि कालमर्यादा

वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्यास सांगणारा चित्ररूप कॅप्चा दृष्टिहीन व्यक्तीला ओलांडता येत नाही. निकालाच्या पानावर तोच एकमेव मार्ग असेल, तर पुढचे सर्व पान सुगम्य असूनही निरुपयोगी ठरते. ध्वनिरूप पर्याय, ओटीपी किंवा वापरकर्त्याला काहीच करावे न लागणारी यंत्रवापर-तपासणी हे पर्याय उपलब्ध आहेत. डब्ल्यूसीएजीच्या २.२ आवृत्तीत प्रवेश-पडताळणीसाठी स्मरणशक्तीची किंवा कोडे सोडवण्याची कसोटी लादू नये, असा स्वतंत्र निकष समाविष्ट आहे.

ऐकत अर्ज भरण्यास अधिक वेळ लागतो. सत्र अचानक संपून भरलेली माहिती नाहीशी झाल्यास अर्ज पुन्हा आरंभापासून भरावा लागतो. म्हणून कालमर्यादा संपण्यापूर्वी पूर्वसूचना देऊन ती साध्या कृतीने वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत, अशी सोय मानकात सांगितली आहे. ठरावीक वेळेतच घेणे भाग असलेल्या परीक्षेसारख्या बाबींना यातून अपवाद आहे. तेथे दिव्यांग उमेदवाराला मिळणारा अनुग्रह कालावधी प्रणालीतच नोंदवावा लागतो.

### तक्ते

वेळापत्रक आणि गुणपत्रक तक्त्याच्या स्वरूपात असतात. स्तंभ व ओळी यांची शीर्षके संहितेत नोंदवलेली असल्यास स्क्रीन रीडर प्रत्येक घरातील मजकुरासोबत त्याचे शीर्षक सांगतो, उदा. ‘अर्थशास्त्र, प्राप्त गुण, ६२’. ही नोंद नसल्यास सुट्या आकड्यांची रांग ऐकू येते आणि कोणते गुण कोणत्या विषयाचे हे ठरवणे कठीण होते. अनेक घरे एकत्र जोडून केलेले तक्तेही गोंधळ निर्माण करतात.

### चित्रे, आलेख आणि गणित

चित्राला पर्यायी मजकूर नसल्यास स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचतो किंवा नुसते ‘चित्र’ असे म्हणतो. केवळ सजावटीसाठी असलेल्या चित्राला रिक्त पर्यायी मजकूर देतात, म्हणजे स्क्रीन रीडर ते वगळतो. प्रवेशाची जाहिरात भित्तिपत्रकाच्या रूपात चढवली, तर त्यातील सर्व तपशील पानावर मजकूर म्हणूनही देणे आवश्यक ठरते. अभ्याससाहित्यातील गणिती सूत्रे चित्ररूपात दिल्यास वाचता येत नाहीत. मॅथएमएल या स्वरूपात दिलेली सूत्रे मात्र स्क्रीन रीडर घटकाघटकांनी वाचू शकतो.

## मराठी मजकुराचे विशेष प्रश्न

### युनिकोडपूर्व फॉन्ट

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे. तथापि युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांसारखे फॉन्ट वापरात आले आणि अनेक कार्यालयांत ते पुढेही टिकून राहिले. यांतील कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. पडद्यावर मराठी दिसते, परंतु फाइलमध्ये साठवलेली अक्षरे रोमनच असतात.

‘कामण’ हा शब्द कृतिदेवमध्ये टंकित केल्यास फाइलमध्ये ‘डी, के, ई, पूर्णविराम, के’ एवढीच चिन्हे जातात. डोळस वाचकाला गावाचे नाव दिसते आणि स्क्रीन रीडर निरर्थक रोमन अक्षरे वाचतो. असा मजकूर शोधयंत्रांनाही सापडत नाही. मोबाइलवर तो फॉन्ट नसेल, तर डोळस वाचकालाही तो वाचता येत नाही. म्हणून युनिकोडचा वापर ही मराठी दस्तऐवजाच्या सुगम्यतेची पहिली पायरी मानली जाते. जुने दस्तऐवज रूपांतरक आज्ञावलीने युनिकोडमध्ये आणता येतात, मात्र जोडाक्षरे व अंक यांची तपासणी करावी लागते.

### स्कॅन केलेली परिपत्रके

परिपत्रक संगणकावर टंकित होते, छापले जाते, त्यावर स्वाक्षरी व शिक्का होतो, जावक क्रमांक पडतो आणि मग ते स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर चढते. या प्रवासात मूळ मजकूर नाहीसा होऊन पानाचे छायाचित्र उरते. स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही.

अक्षर-ओळख म्हणजे ओसीआर तंत्राने असा मजकूर काही अंशी परत मिळवता येतो. टेसरॅक्ट या मुक्तस्रोत प्रणालीत मराठीची सोय आहे. परंतु तिरके स्कॅन, अक्षरांवर पडलेला शिक्का आणि अस्पष्ट जोडाक्षरे यांमुळे चुका होतात. कथेतील एखादे अक्षर चुकले तर संदर्भाने कळते. अर्ज भरण्याच्या अंतिम तारखेतील अंक चुकला, तर वर्ष वाया जाऊ शकते.

या प्रश्नावरील उपाय खर्चिक नाही, कारण मूळ टंकित फाइल कार्यालयातच असते. स्वाक्षरी केलेल्या प्रतीसोबत तोच मजकूर पानावर युनिकोडमध्ये देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता आहे. त्यामुळे मूळ फाइलवरच डिजिटल स्वाक्षरी करून छपाई व स्कॅन हे टप्पे टाळताही येतात. पीडीएफ तयार करताना ‘प्रिंट’ या मार्गाने गेल्यास शीर्षके व तक्ते यांची रचना गळून पडते. रचना टिकवणारा जतन-पर्याय निवडल्यास तो दस्तऐवज स्क्रीन रीडरला अधिक चांगला वाचता येतो. देवनागरी पीडीएफमध्ये ऱ्हस्व इकार व जोडाक्षरे यांचा क्रम बिघडण्याचा धोका असल्याने सूचनांसाठी साधे वेबपान हा अधिक विश्वसनीय पर्याय ठरतो.

### भाषेची नोंद

देवनागरी लिपी मराठी, हिंदी, नेपाळी आदी भाषांना समान असल्याने पानाची भाषा संहितेत नोंदवणे आवश्यक असते. मराठीची नोंद नसल्यास हिंदी आवाज निवडला जाऊन ‘५९’ हा अंक ‘एकोणसाठ’ ऐवजी ‘उनसठ’ असा ऐकू येतो. पान इंग्रजी म्हणून नोंदवलेले असल्यास काही इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर न उच्चारता पुढे जातात. विद्यापीठांच्या पानांवर मराठी व इंग्रजी मजकूर अनेकदा एकत्र असतो. तेथे ज्या भागाची भाषा बदलते, त्या भागावर स्वतंत्र नोंद करण्याची तरतूद डब्ल्यूसीएजीमध्ये आहे.

## मानके

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर २००८ मध्ये २.०, २०१८ मध्ये २.१ आणि २०२३ मध्ये २.२ या आवृत्त्या आल्या. या तत्त्वांची मांडणी चार सूत्रांवर आधारलेली आहे: मजकूर जाणवण्याजोगा असावा, पान हाताळता यावे, ते समजण्याजोगे असावे आणि विविध साधनांवर टिकाऊपणे चालावे. निकषांचे ए, एए आणि एएए असे तीन स्तर असून कायदे व धोरणे यांमध्ये सामान्यतः एए स्तर अपेक्षित असतो.

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली शासकीय संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती जीआयजीडब्ल्यू या नावाने ओळखली जातात. त्यांची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये, तर तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्यूरोने आयएस १७८०२ या मानकाचा पहिला भाग २०२१ मध्ये आणि दुसरा भाग २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे व मानके जाहीर केली.

## कायदेशीर तरतुदी

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. या करारातील नवव्या कलमात माहिती व संपर्क साधनांच्या सुगम्यतेचा समावेश आहे. कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील काही संबंधित तरतुदी अशा:

* कलम ३२: शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत संदर्भीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी किमान ५ टक्के जागा राखीव.
* कलम ४०: भौतिक परिसर, वाहतूक आणि माहिती तंत्रज्ञान यांच्या सुगम्यतेची मानके केंद्र शासनाने नियमांद्वारे ठरवणे.
* कलम ४२: इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध होण्यासाठी शासनाने उपाययोजना करणे.
* कलम ८९: अधिनियमाच्या भंगासाठी प्रथम १० हजार रुपयांपर्यंत, त्यानंतरच्या भंगासाठी ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड.

अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५ मध्ये संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यूचे पालन आणि दस्तऐवजांसाठी ईपब किंवा ओसीआर-आधारित पीडीएफ हे स्वरूप सांगितले होते. म्हणजेच केवळ छायाचित्रवजा स्कॅन पुरेसे नाही, ही बाब नियमातच होती. २०२३ मधील दुरुस्तीने आयएस १७८०२ चा नियमांत समावेश झाला.

राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. अधिनियमाची भाषा बंधनकारक असताना नियम १५ ने मानकांना केवळ शिफारशींचे स्वरूप दिल्याने तो नियम अधिनियमाशी विसंगत असल्याचे न्यायालयाने ठरवले आणि किमान बंधनकारक मानके निश्चित करण्याचा आदेश केंद्र शासनाला दिला. याचिकाकर्ते रतुरी हे स्वतः दृष्टिबाधित आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निर्णय देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. हा खटला ग्राहक-ओळख पडताळणीच्या ऑनलाइन प्रक्रियेविषयी असला, तरी त्यातील तत्त्व इतर सार्वजनिक डिजिटल सेवांनाही लागू पडते.

## विद्यापीठातील अंमलबजावणी

विद्यापीठाचे संकेतस्थळ एका व्यक्तीच्या हातचे नसते. मुख्य पाने संगणक विभाग, परीक्षेच्या सूचना परीक्षा विभाग, विभागांची पाने संबंधित विभाग आणि प्रवेश प्रणाली बहुधा बाहेरची संस्था सांभाळते. एकदा दुरुस्त केलेले संकेतस्थळ रोज चढणाऱ्या नव्या फाइलींमुळे पुन्हा दुर्गम होऊ शकते. त्यामुळे संकेतस्थळाची एकदाच केलेली दुरुस्ती पुरत नाही आणि दस्तऐवज तयार होण्याची कार्यालयीन पद्धत बदलावी लागते. सामान्यतः पुढील उपाय सुचवले जातात:

* टंकलेखनासाठी युनिकोड आणि परिपत्रकांसाठी शीर्षकांच्या शैली वापरणारा समान साचा ठरवणे.
* सूचना चढवणाऱ्या कर्मचाऱ्यांना पर्यायी मजकूर, अर्थपूर्ण दुवे आणि तक्त्यांची शीर्षके यांचे प्रशिक्षण देणे.
* निविदा व करारांत आयएस १७८०२ किंवा डब्ल्यूसीएजीच्या एए स्तराची अट घालणे आणि देयक अदा करण्यापूर्वी चाचणी घेणे.
* प्रवेश, परीक्षा अर्ज व निकाल ही पाने प्रथम दुरुस्त करणे.
* अडचण कळवण्यासाठी स्क्रीन रीडरने वापरता येणारा संपर्कमार्ग आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद पानावर नमूद करणे.

चाचणीचे तीन टप्पे असतात. वेव्ह किंवा अ‍ॅक्स यांसारख्या मोफत साधनांनी रकान्यांची नावे, पर्यायी मजकूर आणि रंगभेद यांतील दोष सापडतात. त्यानंतर माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने अर्ज आरंभापासून शेवटपर्यंत भरून पाहतात. अखेरीस स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींकडून तीच कामे करून घेतली जातात. पर्यायी मजकूर आहे की नाही, हे यंत्र सांगू शकते. तो अर्थपूर्ण आहे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते.

ग्रंथालयाची सूची, ई-नियतकालिके आणि प्रबंधांचे संग्रह यांनाही हेच निकष लागू होतात. अभ्याससाहित्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय उपयुक्त आहे. मात्र विद्यापीठाच्या स्वतःच्या सूचना व अर्ज यांना असा बाहेरचा पर्याय असू शकत नाही.

## इतर देशांतील अनुभव

अमेरिकेत नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाविरुद्ध शिक्षण खात्याकडे तक्रार केली. ग्रंथालयाची सूची, विभागांची संकेतस्थळे, अध्ययन प्रणाली आणि वर्गातील उपकरणे दृष्टिहीनांना वापरता येत नसल्याचे तिचे म्हणणे होते. २०११ मध्ये समझोता होऊन विद्यापीठाने सर्वंकष सुधारणा मान्य केल्या. बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतलेल्या प्रणालींची जबाबदारीही विद्यापीठावरच राहते, हा मुद्दा या प्रकरणाने ठळक केला. युरोपीय संघाने २०१६ मध्ये आणि ब्रिटनने २०१८ मध्ये सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांसाठी सुगम्यता बंधनकारक केली. अमेरिकेच्या न्याय खात्याने एप्रिल २०२४ मध्ये शासकीय विद्यापीठांसह राज्य व स्थानिक संस्थांसाठी डब्ल्यूसीएजी २.१ चा एए स्तर निश्चित केला.

## टीका आणि मर्यादा

अनेक संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षरे लहान-मोठी करण्याची आणि रंगसंगती बदलण्याची बटणे असतात. अंशदृष्टी व्यक्तींना त्यांचा काही उपयोग होत असला, तरी स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचे मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाहीत. एका ओळीची संहिता जोडून संपूर्ण संकेतस्थळ आपोआप सुगम्य करण्याचा दावा करणाऱ्या ‘ओव्हरले’ साधनांवर दृष्टिहीन वापरकर्त्यांनी आणि तज्ज्ञांनी टीका केली आहे. अशा एका कंपनीने केलेले दावे दिशाभूल करणारे असल्याच्या कारणावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये तिच्याकडून १० लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश काढला. दृष्टिहीनांसाठी वेगळी ‘केवळ मजकूर’ आवृत्ती ठेवण्याची पद्धतही मागे पडली आहे, कारण मुख्य पान अद्ययावत होत असताना ती आवृत्ती जुनीच राहते.

मानकांचे पालन म्हणजे संपूर्ण सुलभता नव्हे, असेही अभ्यासक नमूद करतात. सर्व निकष पाळूनही क्लिष्ट रचनेचा अर्ज वापरण्यास कठीण असू शकतो. दुसरीकडे, वेबएमने दरवर्षी केलेल्या दहा लाख मुखपृष्ठांच्या यांत्रिक तपासणीत सुमारे ९५ टक्के पानांवर दोष आढळत आले आहेत. त्यांत फिकट रंगसंगती, पर्यायी मजकुराचा अभाव, रकान्यांना नावे नसणे आणि रिकामे दुवे यांचे प्रमाण सर्वाधिक असते. यांतील बहुतेक दोष साधे आहेत आणि पान तयार होतानाच टाळता येण्याजोगे आहेत.

## हेही पहा

* ब्रेल लिपी
* युनिकोड
* दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
* मुंबई विद्यापीठ
* राष्ट्रीय अंध संघ
* कामण